मनीला दोरी लावताना

खारदांड्याच्या कोळीवाड्यात मांजर कुणा एका घराचे नसते. होड्या किनाऱ्याला लागल्या, मासळीच्या टोपल्या उतरल्या, की गल्लीबोळांतून मांजरे हजर होतात. दुपारी ती जाळ्यांच्या ढिगावर झोपतात, संध्याकाळी कुणाच्या तरी उंबऱ्यावर जेवतात. दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसून वर टक लावून पाहणारे मांजर हे इथले नेहमीचे दृश्य. अशा वस्तीत मांजराला पट्टा आणि दोरी लावून फिरवायचे म्हटले तर लोक हसणारच. आमच्याकडे पाहूनही हसले. ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार’ ही म्हण त्या महिन्याभरात आम्ही इतक्यांदा ऐकली, की शेवटी आम्हीच ती आधी म्हणून मोकळे होऊ लागलो.

आमच्यापुढचा प्रश्न मात्र हौसेचा नव्हता. माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्यांचे तळमजल्याचे घर नव्याने बांधण्यासाठी पाडावे लागले आणि त्या आपल्या मनीसह जवळच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. गल्लीत जन्मलेली, दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करणारी मनी एकाएकी बंद दाराआड अडकली. ती दाराशी बसून ओरडत राही आणि कडी निघाल्याचा आवाज झाला रे झाला, की पायांमधून बाहेर झेपावे. एके संध्याकाळी सासूबाई दुधाच्या पिशव्या घेऊन आत शिरत असताना तेच झाले. चौकटीचा आधार हाती लागला म्हणून त्या वाचल्या. कोपर काळेनिळे झाले, एवढ्यावर निभावले. त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने परावलंबन, आणि पुष्कळदा पुन्हा पूर्वीसारखे चालता न येणे.

नातेवाइकांचा सल्ला सरळ होता : मांजर बंदरावर सोडून द्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री जेवल्याही नाहीत. पतीच्या निधनानंतर घरात त्यांच्याशी रोज ‘बोलणारा’ जीव तो एकच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच कोंडी असेल : प्राणी ठेवावा तर पडण्याची भीती, काढावा तर माणूस आतून खचण्याची.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २००१ ते २००६ या काळातील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाळीव कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या तिथे वर्षाला सुमारे ८६,००० निघाली. त्यांतील ८८ टक्के घटना कुत्र्यांशी निगडित होत्या. मांजरांमुळे झालेल्या अपघातांत बहुतेक माणसे मांजरात पाय अडकून पडली होती, आणि इजा होण्याचे प्रमाण पंचाहत्तरीपुढच्यांत सर्वाधिक होते. म्हणजे मांजर ओढून पाडत नाही, पायांत येऊन पाडते. आमच्या दारात नेमके तेच घडले होते.

मनीला बाहेरची ओढ होती. ती मोडून काढणे शक्य नव्हते. मग ती ओढ आपल्या वेळेला, आपल्या हातून आणि दाराच्या चौकटीपासून दूर भागवता येईल का, असा विचार सुरू झाला, आणि दोरीचा प्रयोग त्यातून आला.

मांजराला दोरी लावणे ही आजकालची टूम आहे, असे समजण्याचे कारण नाही. प्राचीन इजिप्तमधील थीब्सच्या थडग्यांतल्या चित्रांत घरच्या बाईच्या खुर्चीखाली बसलेले मांजर दिसते, क्वचित खुर्चीच्या पायाला बांधलेलेही. जपानमध्ये तर एके काळी मांजरे दोरीनेच बांधून ठेवीत. उंदरांचा सुळसुळाट आवरावा म्हणून ती मोकळी सोडावीत, असा हुकूम १६०२ साली क्योटोत काढावा लागला. मुरासाकी शिकिबूच्या अकराव्या शतकातील ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीत एक लहानसे मांजर घाबरून पळते, त्याची लांब दोरी पडद्यात अडकते, पडदा वर उचलला जातो, आड बसलेली राजकन्या परक्या तरुणाच्या दृष्टीस पडते आणि पुढे सारा अनर्थ होतो. दोरीचे जे दुखणे लेखिकेने तेव्हा हेरले, ते आजही तेच आहे : दोरी अडकते. आपल्या घरात ती पडद्याऐवजी वॉकरच्या पायात अडकेल, एवढाच फरक.

पट्टा कोणता आणि कसा

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी कधीही लावू नये. मांजर घाबरून उसळी मारते तेव्हा सारा हिसका मानेवर बसतो. त्याला छाती आणि पोटाभोवती बसणारा पट्टा लागतो. दुकानात तो हार्नेस या नावाने मिळतो. मांजराच्या खांद्याचे हाड आपल्या गळपट्टीच्या हाडासारखे सांगाड्याला जोडलेले नसते, ते स्नायूंत नुसते तरंगत असते. म्हणून जिथून डोके निघते तिथून बहुधा सारे मांजर निघते, आणि भेदरले की ते पुढे न ओढता मागे सरकून पट्ट्यातून निसटते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर मोजून पट्टा घ्यावा. घातल्यावर त्याखाली आपली दोन बोटे जेमतेम शिरावीत. तीन शिरत असतील तर तो सैल आहे.

ज्येष्ठांच्या घरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे माणसाची बोटे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना बारीक बकल लावता येत नाही. चिकटपट्टीचा, म्हणजे वेल्क्रोचा, हार्नेस हाताला सोपा. पण तो काढताना होणाऱ्या चर्र आवाजाने मांजर दचकते, आणि दचकलेले मांजर हाताला नखे लावते. आम्ही मोठ्या खटक्याच्या बकलांचा घेतला आणि तो लावण्या-काढण्याचे काम घरातल्या तरुण हातांकडे दिले. दोरी साधी, दीड ते दोन मीटरची असावी. बटण दाबताच आपोआप लांबणारी-आखडणारी बारीक दोरी ज्येष्ठांच्या घरात आणूच नये; ती दिसत नाही, बोटाला कापते आणि घोट्याभोवती क्षणात गुंडाळली जाते.

बाहेर नेण्याआधी पशुवैद्याकडे एक फेरी अटळ. रेबीजची लस, मांजरांच्या साथीच्या आजारांवरची संयुक्त लस, गोचीड-पिसवांवरचे औषध, आणि झाली नसेल तर नसबंदी. नसबंदी न झालेले मांजर बाहेर पडताच दुसऱ्या मांजरांच्या मागे लागते आणि सारी शिकवण तिथेच संपते. मुंबईकरांना परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयाचा आधार एकोणिसाव्या शतकापासून आहे. घराजवळही आता पशुवैद्य सहज भेटतात. कुत्र्यासाठी बनवलेले पिसवांचे औषध मात्र मांजराला चुकूनही लावू नये. त्यांतील काहींत असणारे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते.

घरातले तीन आठवडे

खरी शिकवण घरातच होते, आणि ती कंटाळवाणी असते. पहिले चार-पाच दिवस हार्नेस मनीच्या झोपायच्या गोधडीवर नुसता पडून होता, म्हणजे त्याला घरचा वास लागावा. मग जेवणाची वाटी त्याच्या शेजारी. मग तो पाठीवर ठेवायचा, एक घास द्यायचा, उचलायचा. आठवड्याने जेवणाआधी बकल लावले. मनी तत्क्षणी कुशीवर आडवी झाली आणि पाय हलवेनाशी झाली. बहुतेक मांजरे पहिल्यांदा असेच करतात किंवा पोट जमिनीला टेकवून सरपटतात. तिला काही इजा झालेली नसते. अंगाला चहूबाजूंनी लागलेल्या दाबाने ती गोंधळलेली असते. अशा वेळी हसू नये, उचलून उभे करू नये, ओढू तर मुळीच नये. समोर आवडीचा घास धरावा. उठून दोन पावले आली की घास द्यावा आणि पट्टा काढून टाकावा. दोन मिनिटे पुष्कळ झाली.

घास कशाचा, हा दांड्यात नाजूक विषय. मनीला सुक्या बोंबलाखेरीज काही दिसत नव्हते. पण खारवलेल्या सुक्या मासळीतले मीठ मांजराला सोसत नाही. बिनमिठाची उकडलेली, काटे नीट काढलेली मासळी किंवा कोंबडीचा नखाएवढा तुकडा पुरतो. दूधही नको. वाढ झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडते. ही गोष्ट सासूबाईंना पटवायला जितका वेळ लागला, तितका मनीला हार्नेस पटवायलाही लागला नाही.

पट्ट्याची सवय झाली की दोरी. प्रथम ती घरात, आपल्या देखत, मोकळी फरफटू द्यावी. मग टोक हातात घेऊन मांजर नेईल तिकडे जावे. इथेच कुत्र्यात आणि मांजरात फरक पडतो. कुत्रा आपल्याबरोबर चालतो. मांजराबरोबर आपण चालायचे असते, आणि ते बहुतेक वेळ बसूनच असते. ज्यांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे, त्यांनी मांजराच्या भरवशावर राहू नये. दोरी ताणली गेली तर आपण थांबावे आणि ताण सैल होण्याची वाट पाहावी.

या काळात एक नियम कडक पाळावा : शिकवण संपली की हार्नेस काढून ठरलेल्या खिळ्याला अडकवायचा. तो अंगावर राहिला तर कपाटाच्या मुठीत अडकून मांजर लटकू शकते. दोरी जमिनीवर राहिली तर घरातले माणूस पडते. घरात विसरभोळेपणा वाढलेले, स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ असतील तर हा खिळा त्यांची काळजी घेणाऱ्याच्या नजरेसमोर असावा. खिळा रिकामा दिसला, की कुठे काय राहिले ते लगेच कळते.

उंबरा मांजराने ओलांडू नये

आमच्या प्रश्नाचे उत्तर ज्या एका गोष्टीत होते, ती आम्हाला पहिल्या वेळी कळली नव्हती. आम्ही दोरी लावून दार उघडले आणि मनीला स्वतःच्या पायांनी बाहेर जाऊ दिले. परिणाम असा झाला, की दार म्हणजे बाहेर जायची वाट, हे तिच्या मनात अधिकच पक्के झाले. चार दिवसांत ती दाराशी पूर्वीपेक्षा जोरात ओरडू लागली. पशुवैद्यांनी चूक दाखवली : मांजराने आपल्या पायांनी उंबरा कधीच ओलांडायचा नाही. दारापासून दूर, आतल्या खोलीत हार्नेस घालायचा. झाकणाच्या टोपलीत ठेवून बाहेर न्यायचे. ठरलेल्या जागी पोहोचल्यावरच टोपली उघडायची. परतताना तसेच. बाहेर जाण्याचा संबंध दाराशी न राहता टोपलीशी जुळतो. दाराशी बसून ओरडले तर त्याकडे लक्ष द्यायचे नाही आणि बाहेर काढायचे तर नाहीच. दोन-अडीच महिन्यांत मनी दाराऐवजी टोपलीत जाऊन बसू लागली. त्या दिवशी सासूबाईंनी सगळ्या मजल्यावर साखर वाटली.

जागा निवडताना आम्ही अर्थातच आधी चुकलो. मनीला तिची जुनी गल्ली दाखवावी, या भावनेने तिला कोळीवाड्यात नेले. तिथे दुसरी मांजरे होती, कुत्री होती, दुचाक्या होत्या. एक स्कूटर फाडकन सुरू झाली, मनी उसळली आणि दोरी माझ्या मनगटाभोवती गुंडाळलेली होती. मी गुडघ्यावर आपटले, हाताला खोल ओरखडा आला. माझ्या जागी सासूबाई असत्या तर, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. दोरी बोटांना किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. तिचा फास तळव्यात धरावा, प्रसंग आला तर सोडून देता यावा असा. मांजर पुन्हा सापडू शकते. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दोरी ही जोडी तर नकोच नको. ज्यांचा तोल कमी झाला आहे, ज्यांना चक्कर येते, त्यांनी खुर्चीत बसावे आणि दोरी दुसऱ्याने धरावी.

मग आम्ही इमारतीची गच्ची ठरवली, सकाळी साडेसहाची वेळ. उन्हाळ्यात नऊच्या पुढे गच्चीची फरशी तापते. हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर ती पंजांनाही सोसत नाही. कठड्याजवळ दोरी आखूड धरायची आणि कठड्यावर चढू द्यायचे नाही. ‘मांजर पडले तरी पायांवर पडते’ हे अर्धेच खरे. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, उंच इमारतींतून पडून पाच महिन्यांत एकाच रुग्णालयात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास होता. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली, पण छातीला मार, फाटलेला टाळू, मोडलेले पाय घेऊन. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडक्यांना जाळी लावणे हे दोरीच्याही आधीचे काम. आणि गच्चीवरच्या कुंड्यांकडेही एकदा पाहावे : लिलीचे झाड मांजराची मूत्रपिंडे निकामी करते, कोरफड आणि मनी प्लांटही त्याला बाधतात.

जून-जुलैत, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात तेव्हा, आम्ही मनीला बाहेर नेत नाही. ओल्या फरशीवर माणूस घसरतो, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका माणसालाही असतो.

ओरखडा किंवा चावा झाला तर

घाबरलेले मांजर ओळखायला शिकावे. कान मागे चिकटलेले, बाहुल्या मोठ्या झालेल्या, शेपूट फुललेले, पोट जमिनीला टेकलेले. तोंड उघडून धापा टाकत असेल तर प्रकरण अधिक गंभीर, कारण कुत्र्यासारखे धापणे मांजराच्या स्वभावात नाही. अशा वेळी त्याला उघड्या हातांनी उचलू नये. जाड टॉवेल अंगावर टाकून, त्यात गुंडाळून टोपलीत ठेवावे. आमच्या टोपलीत टॉवेल कायम असतो.

तरीही ओरखडा किंवा चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असले काही लावू नये. नंतर लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस घ्यायची की नाही हा निर्णय त्यांचा. महापालिकेच्या रुग्णालयांत ती दिली जाते; खारदांड्याला वांद्र्याचे भाभा रुग्णालय जवळचे. मांजराचे दात सुईसारखे असल्याने चाव्याची जखम वरून बारीक आणि आत खोल असते, आणि एका दिवसात हात सुजू शकतो. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘बघू उद्या’ म्हणू नये. उलट बाजूने, मनी लंगडते म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिला देण्याचा मोहही आवरावा. ती मांजराला विषासारखी आहे.

प्रत्येक मांजराला हे जमेल असे नाही. वयोवृद्ध, सांधे दुखणारी, आवाजाला दचकणारी मांजरे बाहेर सुखावत नाहीत. त्यांना जाळी लावलेल्या खिडकीत एक रुंद फळी आणि संध्याकाळी दहा मिनिटे दोरीच्या टोकाला बांधलेल्या कापडाच्या गोळ्याशी खेळ पुरतो. महिन्याभराच्या प्रयत्नानंतरही हार्नेस पाहून मांजर पलंगाखाली दडत असेल, तर ते त्याचे उत्तर समजावे.

मनीचे उत्तर वेगळे होते. आता रोज सकाळी माझा मुलगा टोपली घेऊन पुढे, सासूबाई लिफ्टने मागून. गच्चीवर प्लास्टिकची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आहे, ती सरकू नये म्हणून. मनी टाकीच्या सावलीत बसते, कबुतरांकडे पाहते, कधी चार पावले चालते. सासूबाई तिला कोळीवाड्याची बातमी सांगतात : कुणाची होडी आली, कुणाच्या घरी बारसे आहे. दहा-पंधरा मिनिटांत मनी स्वतःच टोपलीपाशी येते. मुलगा दोरी गुंडाळतो, झाकण लावतो, आणि खाली आल्यावर सासूबाई सर्वांत आधी खिळ्याकडे पाहतात.